हळदीचा वायदा करावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी घरातसुद्धा काढत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात चहाला थांबलो की कोणीतरी मोबाईल पुढं करतंच, "दादा, ह्यावर हळद विकावी का?"

आधी 'ह्यावर' म्हणजे कशावर ते बघा. 2016 ला आलेलं ई-नाम, म्हणजे सरकारचा ऑनलाइन शेतमाल बाजार, ते वेगळं. तिथं तुमचा माल बाजार समितीच्या गेटातून आत येतो, व्यापारी ऑनलाइन बोली टाकतात, भाव पटला नाही तर तुम्ही नको म्हणू शकता. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आपला व्यापारी मोकळ्या हातानं बोली लावत नाही. फोटोत काय, सगळीच हळद पिवळी.

वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच भाव ठरवून करायचा. तो मात्र मी स्वतः करून बसलोय. 2023 चा जून. पन्नास क्विंटल हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून गोदामात ठेवलेली. भाव पडेल या धास्तीनं वायद्यात एक लॉट विकून टाकला, माल गोदामातच. लॉट 5 टनांचा, म्हणजे बरोबर माझ्या मालाएवढा. भाव पडला तर गोदामातला तोटा वायद्यात निघेल, चढला तर वायद्यातला तोटा गोदामात. हिशेब आजही चुकीचा नाही.

हळद चढायला लागली. क्विंटलला शंभर रुपये चढले की माझ्या लॉटचे पाच हजार गेले, तेही त्याच दिवशीच्या हिशेबात. मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ब्रोकरकडं ठेवलेले पैसे, कमी पडलं की त्याच्याकडच्या पोराचा फोन. पहिल्यांदा "सर, जरा बघा", आठवड्याभरात "काका, आजच भरा". गोदामातली पोती तेवढीच महाग होत होती, पण पोत्याला मार्जिन भर म्हणून सांगता येतंय होय? सोसायटीचा हप्ता थांबवला. दुधाचे पैसे गेले. तीन आठवड्यांत 1,400 चढले, तेव्हा तोटा घेऊन वायद्याचा सौदा बंद केला. सत्तर हजार गेले.

आणि ते भोक बुजवायला त्याच आठवड्यात हळदही विकली. खरी तेजी जुलै-ऑगस्टला आली.

आमचे आजोबा सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात हळद ठेवायचे. जमिनीखालचं पेव, वरून बंद, भाव येईल तेव्हा उघडायचं. 2005 च्या पुरात ती पेवं गेली. जुन्या आठवणींचं कौतुक म्हणून सांगत नाही, पेवातही माल अडकायचा, पैसा अडकायचा. पण हळद विकेपर्यंत रोज संध्याकाळी कोणी पैसे मागायला येत नव्हतं.

तेव्हा करायचा तर करा, पण एका लॉटमागं लाखभर रुपये बाजूला पडून राहतील, पेरणीला, दवाखान्याला, कशालाच लागणार नाहीत, अशी सोय असेल तरच. भाव दोन हजारांनी चढला की तेवढे लागतात. पाऊस लांबला की हळद दोन हजार कधी चढते, कळतही नाही. आणि घरात आधी सांगा. मी नव्हतं सांगितलं.

ॲप अजून ठेवलंय. सकाळी तेलंगणातल्या निजामाबादचा हळदीचा भाव बघतो आणि मग यार्डातल्या सौद्याला जातो. खात्यात 212 रुपये आहेत, ते काढायचेही राहिलेत.