पाच जणी भेटल्या की कोण?

आज सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर आम्ही पाच जण आणि एक शब्दकोडं. नेहमीचं नव्हे. यात सगळ्या चौकटी भरल्या की मग खरा खेळ सुरू होतो, कारण अंतिम उत्तर भरलेल्या शब्दांच्या आड दडलेलं असतं. आमच्यातल्याच मैत्रिणीनं रचलेलं. खाली एवढीच सूचना : 'पाच जणी भेटल्या की कोण?'

चौकटी तासाभरात भरल्या. मराठीत काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एका घरात बसतं, त्यामुळे हत्तीसाठीचा 'कुंभी' दोनच घरांत मावला. पाताळातली नागनगरी, भोगावती. विद्येची देवता, सरस्वती. सोपं होतं सगळं.

आणि मग अडलो. आद्याक्षरं जुळवली, तिरकं वाचलं, उलटं वाचलं. कुणीतरी पंचकन्या काढल्या, पण अहल्या, द्रौपदी कोड्यात कुठंच नव्हत्या. उत्तर सांगू का, असं मैत्रिणीनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सगळे एकदम ओरडलो, "नको!"

प्रयाग चिखलीचे काका इतका वेळ गप्प होते. कागदावर बोट ठेवत हळूच म्हणाले, "अरे, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती... आणि गुप्त सरस्वती. ह्या आमच्या गावातच मिळतात की!"

पंचगंगा! या पाच नद्या मिळून होणारी आमची नदी.

अंगावर काटा आला. जिचं पाणी पिऊन वाढलो, तीच कागदावर समोर वाहत होती. १९१३ साली आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिलं शब्दकोडं दिलं, तेव्हापासून सहसा चौकटी भरल्या की कोडं संपतं. आमचं आज तिथून सुरू झालं.

पुढच्या रविवारी रचायची पाळी माझी. वही उघडून बसलोय.