बहाव्याची रांग अपडेट: पिवळ्या पानांचं कारण एकदाचं सापडलं

मागच्या वेळी टाकलेले पिवळ्या पानांचे फोटो आठवत असतील, रस्त्याकडेच्या रांगेतले खालच्या टोकाचे तीन बहावे. त्यावर निम्मे लोक म्हणाले पाणी कमी पडतंय, काहींनी लोहाची कमतरता म्हणून चिलेटेड आयर्न सुचवलं, एकाने तर थेट युरिया. यातलं काहीच नव्हतं. घातलेलं पाणी मुरतच नव्हतं!

तिघांतलं सगळ्यात रया गेलेलं रोप उकरून बघायचं ठरलं. बाजूने पहारीने खणत गेलो तर वीतभर खाली माती निळसर करडी आणि सडक्या अंड्याचा वास, म्हणजे आत हवा नावालाही नाही. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात येते आणि मागे नुसता दोरा उरतो. मुळं अशी गुदमरून मेली की पाणी ओढणार कोण, मग पाण्यात उभं असलेलं झाडसुद्धा तहानलेलं असल्यासारखी पानं टाकतं. आणि पानं मलूल दिसली की जाणारा येणारा प्रत्येक जण मायेने अजून एक बादली ओतून जातो. कोपऱ्यावरच्या काकांना हे समजावताना नाकी नऊ आले, त्यांचं एकच, अहो झाड सुकतंय आणि तुम्ही पाणी काय बंद करताय.

आता वरच्या टोकाचे बहावे मस्त आणि खालचेच का बिघडले? वर मुरूम आहे, खाली चिकण काळी माती. खड्डे सगळे ऑगरने, म्हणजे जमिनीत गोल भोक पाडणाऱ्या यंत्राने पाडलेले. ओल्या चिकण मातीत ऑगर फिरला की भिंती घासून मडक्यासारख्या गुळगुळीत होतात, त्यातून पाणी बाहेर जात नाही आणि मुळंही आतल्या आत गोल फिरत बसतात. मुरमात हा प्रकार होत नाही म्हणून वर कोणाच्या लक्षातच आलं नाही. ऑगर वेळ वाचवतो हे मान्य, पण काळ्या मातीत माझं मत टिकाव आणि पहार, किंवा ऑगर मारलाच तर नंतर भिंती पहारीने ओरबाडून खडबडीत केल्याशिवाय रोप लावू नका.

खात्री करायला मुरण्याची टेस्ट केली. फूटभर खोल खड्डा, एकदा पाणी भरून पूर्ण जिरू द्यायचं, मग परत भरायचं आणि पट्टी लावून तासाला किती उतरतं ते बघायचं. तासाला अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरलं तर निचरा खराब समजायचा. वरच्या टोकाला पाणी बघता बघता गेलं. खालच्या टोकाला चहा पिऊन आलो, गप्पा मारून आलो, पट्टी तिथल्या तिथेच.

लगेच सल्ला आला की तळाला खडी नाहीतर विटांचे तुकडे टाका. कृपया नको. बारीक मातीतलं पाणी खडीत उतरतच नाही जोवर वरची माती पूर्ण चिंब होत नाही, म्हणजे साचलेलं पाणी उलट मुळांच्या अजून जवळ येतं. तसंच खड्डाभर शेणखत भरायचं वेडही सोडूया, चिकण मातीत तो मऊ खड्डा आजूबाजूचं सगळं पाणी गोळा करतो. खणलेलीच माती परत भरायची, खत वरून, त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन, फक्त खोडाला टेकू द्यायचं नाही.

आता आनंदाची बातमी. तिघांतलं मधलं, जे सगळ्यांनी मेलं म्हणून सोडलं होतं, त्याच्या खोडावर नखाने ओरखडा काढला तर आत हिरवं! भिंती फोडल्या, रोप उचलून जमिनीच्या थोडं वर उंचवट्यावर बसवलं, पाणी बंद, आणि आता बुडाजवळ तांबूस कोंब आलाय. मी दिवसातून कितीदा जाऊन बघते ते विचारू नका. दुसरी गंमत म्हणजे वरच्या टोकाच्या बहाव्याची पानं कुरतडलेली दिसतायत, ती एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्यांनी. फवारणीचा विषय निघाला होता, मी साफ नाही म्हटलं, तब्येतीचं झाड पानं परत काढतं आणि फुलपाखरं फुकट मिळतात.

आधाराच्या काठ्यांचंही बघून घेतलं. कोणीतरी तारेने आवळलं होतं ते काढून कापडाची पट्टी सैल आठच्या आकड्यात बांधली. झाड वाऱ्यावर थोडं हललं पाहिजे, त्यानेच खोड जाड होतं.

पुढचा प्लॅन असा होता की मेलेल्या दोन जागी परत बहावेच लावायचे, रांग एकसारखी दिसावी म्हणून. पण त्या मातीशी भांडण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे अर्जुन आणि ताम्हण, दोघांनाही ओल चालते, दोन्ही मुळात ओढ्यानदीकाठची. रांगेतला पिवळा रंग तुटेल म्हणून दोघीजणी नाराज आहेत, पण ताम्हणाचा जांभळा शेजारी आला तर बिघडलं कुठे.

आणि हे टाईप करतानाच सुचलं, रस्त्याला उतार आहेच, तर खालच्या खड्ड्यांना एका उथळ चराने जोडून सगळं जास्तीचं पाणी शेवटच्या खड्ड्यात नेलं तर? मग अर्जुन अगदी टोकाला आणि ताम्हण त्याच्या वर. म्हणजे आधी चर, मग रोपं. रविवारी खणायला जमतोय, पहार असेल तर घेऊन या. काकांना पाणी घालायच्या पाळीऐवजी आता काडी दिलीये, बोटभर खाली खुपसायची, ओली निघाली तर बादली उचलायची नाही. परवा त्यांनीच दुसऱ्या कोणाला तरी पाणी घालताना हटकलं!

अशा चिकण मातीत कोणी चर काढलाय का? किती खोल घेतलात ते सांगा, मी मुळांच्या मातीच्या गोळ्याच्या तळाइतका धरतेय.