जुने जीपीएस गाइड पुन्हा बोलते केले : माझा अनुभव

मुंबईच्या फोर्टमध्ये आम्ही मराठीतून हेरिटेज वॉक घेतो. येणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले बरेच असतात. फोनवर अ‍ॅप दिलं की मधेच कुणाचा तरी कॉल येतो आणि राजाबाई टॉवरची गोष्ट अर्ध्यावर राहते. म्हणून एका टूरवाल्याकडचे जुने जीपीएस गाइड भंगारात निघालेत असं कळल्यावर मी ते पिशवीभर उचलून आणले. नेमलेल्या जागी पोचलं की तिथली गोष्ट आपोआप कानात सुरू करणारं हे यंत्र. बटणं मोठी, आवाज खणखणीत.

मागचे स्क्रू काढले तर बॅटरी फुगून टम्म झालेली आणि मुंबईच्या खाऱ्या हवेने तिच्या संपर्कपट्ट्यांवर हिरवा थर चढलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन तो घासून काढला. लॅमिंग्टन रोडवर 3.7 व्होल्टची तशीच लिथियम बॅटरी मिळाली. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, तिसरी वायर सोडू नका. ती तापमानाची असते, नाही जोडली तर चार्जिंगच होणार नाही.’’ अगदी तसंच निघालं. मेमरी कार्डाचं दुखणं वेगळं. ही यंत्रं एसडीएचसी, म्हणजे 2 जीबीहून मोठ्या कार्डांचा प्रकार येण्याआधीची, त्यामुळे 32 जीबीचं कार्ड ओळखतच नाहीत. 2 जीबीचं जुनं कार्ड शोधावं लागलं; ऑडिओला तेवढं पुष्कळ होतं.

यंत्र सुरू झालं, आवाज आला, पण जागा काही सापडेना. इथेच खरं काम होतं. आत वरच्या कडेला सिरॅमिकची चौकोनी वडी असते, तीच अँटेना. तिच्याजवळ पत्र्याच्या टोपणाखाली जीपीएसची चिप आणि बाजूला गोळीएवढा बॅकअप सेल. घड्याळ आणि उपग्रहांची माहिती तोच जपतो. वर्षानुवर्षं पडून तो मेला होता, त्यामुळे यंत्र दर वेळी कोरी पाटी घेऊन उठायचं. फोनला ही माहिती इंटरनेटवरून मिळते. याला ती वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून सेकंदाला 50 बिट या संथ वेगाने घ्यावी लागते. सगळ्या उपग्रहांचं पंचांग उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. सेल बदलले आणि पहिल्या वेळी सगळी यंत्रं ओव्हल मैदानात गवतावर, अँटेना आकाशाकडे करून ठेवली. एकेक करत सगळ्यांना जागा सापडली.

मग स्क्रीनवर तारीख बघितली तर जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची, आणि वार मात्र अचूक! जीपीएस आठवडे मोजतं आणि 1024 झाले की पुन्हा शून्यावर येतं. असं एप्रिल 2019 मध्ये घडलं; जुन्या चिपांना ते कळत नाही. पूर्ण आठवडेच मागे गेल्यामुळे वार बदलत नाही. जागा बरोबर दाखवतंय, तेव्हा तारखेचा नाद मी सोडला.

फोर्टच्या गल्ल्यांत अजून एक अडचण आली. उंच भिंतींवर आदळून आलेला सिग्नल यंत्राला फसवतो आणि शेजारच्या गल्लीतली गोष्ट सुरू होते. म्हणून आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी मोकळ्या जागी आणल्या : हुतात्मा चौकात 1864 चं फ्लोरा फाउंटन, हॉर्निमन सर्कलच्या बागेत समोरचा 1833 चा टाउन हॉल, ओव्हलवर राजाबाई टॉवर. गळ्यात लटकवल्यावर अंगाच्या आडोशाने सिग्नल आणखी कमी होतो. त्यासाठी खांद्यावर बसेल असा पट्टा शिवून घेतला. फरक लगेच जाणवला.

बोरा बाजारच्या अरुंद गल्ल्यांत मात्र आपोआपचा हट्टच धरला नाही. तिथल्या गोष्टींना नंबर दिलेत, आजी-आजोबा बटण दाबून ऐकतात. पावसाळ्यात वॉक बंद असले की यंत्रं सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात राहतात; महिन्यातून एकदा चार्ज करून गच्चीवर चालू ठेवते, म्हणजे सेल मरत नाही.