गोष्ट कोणाची?

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. तिसरीच्या वर्गात आमच्या बाईंनी गोष्टीतील मुख्य पात्र ओळखायला ज्या रीतीने शिकवले, ती रीत आज मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिक्षक म्हणून वापरतो आणि तिच्याविषयीच येथे लिहीत आहे.

स्वाध्यायात "या गोष्टीतील मुख्य पात्र कोण?" हा प्रश्न एका ओळीचा असतो आणि उत्तर एका शब्दाचे. त्यामुळे मुले बहुधा शीर्षकातले, चित्रातले किंवा सर्वांत मोठे वाटणारे नाव लिहून मोकळी होतात. बाईंनी आम्हाला हिरकणीची आख्यायिका सांगितली. कोजागरीच्या दिवशी रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सांजवेळी बंद झालेले गडाचे दरवाजे, खाली घरी राहिलेले तान्हे बाळ, अंधारात उतरलेला तो कडा आणि पुढे महाराजांनी केलेला तिचा सन्मान, हे सारे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "ही गोष्ट कोणाची?" सगळा वर्ग ओरडला, "महाराजांची की, बाई!" बेळगाव भागातल्या मुलांच्या तोंडी दुसरे नाव आधी येणे शक्यच नव्हते. बाईंनी आमचे उत्तर खोडले नाही. "महाराज थोरच आहेत. पण या गोष्टीत रात्रभर जीव कोणाचा तळमळला?" एवढेच त्या म्हणाल्या. वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग मागच्या बसकरपट्टीवरून हिरकणीचे नाव आले. थोर व्यक्ती आणि गोष्टीतील मुख्य पात्र यांतला फरक आठ वर्षांच्या मुलाला याहून आदराने समजावता येईल, असे मला वाटत नाही.

पुढे त्यांनी चिंचोके आणले. पाटीवर प्रत्येक पात्रासाठी एक वर्तुळ काढायचे आणि गोष्ट ऐकताना ज्याचे नाव येईल त्याच्या वर्तुळात एक चिंचोका ठेवायचा. पंचतंत्रातील जांभळाच्या झाडावरचे माकड आणि मगर यांच्या गोष्टीत दोघांची वर्तुळे जवळजवळ सारखीच भरली, तेव्हा नुसत्या मोजणीने भागत नाही हे आमचे आम्हालाच दिसले. मग बाईंनी एकेका पात्राला गोष्टीतून बाहेर काढून पाहायला सांगितले. मगरीची बायको काढली तर माकडाचे काळीज मागणारे कोणी उरत नाही आणि गोष्ट सुरूच होत नाही. तरीही ती मुख्य पात्र ठरत नाही, कारण ती एक हट्ट धरते आणि पुढे आपण तिच्या मागे जात नाही. आपण जातो माकडाच्या मागे. भर पाण्यात जिवावर बेतते ते त्याच्या, काळीज झाडावरच राहिल्याची थाप सुचते ती त्याला, आणि ते काठावर उडी मारते तेव्हा सुटकेचा श्वास आपण सोडतो. पात्र काढून पाहण्याची कसोटी उपयोगाची असली तरी एकटी पुरेशी नाही, ही गोष्ट अनेक प्रशिक्षण वर्गांतही सांगितली जात नाही, आणि आम्हाला ती तिसरीत कळली होती.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि आमच्या पिढीला मराठी शाळेत कन्नडचा तासही होता. त्या तासाला सरांनी पुण्यकोटी गाईची गोष्ट सांगितली. वाघाच्या तावडीत सापडलेली गाय वासराला दूध पाजून परत येण्याचे वचन देते आणि खरोखरच परत येते. तिचा सच्चेपणा पाहून वाघाला पश्चात्ताप होतो आणि तो स्वतःचाच प्राण देतो. बाईंनी मराठीच्या तासाला तीच गोष्ट घेतली. मुख्य पात्र गाय की वाघ, यावर वर्गाचे दोन तट पडले. गाय पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच राहते, बदलतो तो वाघ, असे एका मुलीने ठामपणे मांडले. बाईंनी ते फळ्यावर लिहून घेतले आणि गाईच्या बाजूची कारणेही शेजारी लिहिली. माझे मत आजही पुण्यकोटीच्या बाजूने आहे, कारण परीक्षा तिची होते; पण त्या मुलीने गोष्ट आम्हा सर्वांपेक्षा बारकाईने ऐकली होती, यात मला शंका नाही.

आज माझ्या वर्गात वेगळीच अडचण येते. गोष्टीत "मी" आला की तोच मुख्य, असे मुले धरून चालतात. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने म्हैस अडली तेव्हाची हकीकत सांगितली. कंदील धरून ती स्वतः गोठ्याच्या दाराशी उभी होती आणि आजी भिजलेल्या पोत्यावर बसून पहाटेपर्यंत म्हशीच्या अंगावरून हात फिरवत होती. गोष्ट कोणाची, असे विचारल्यावर ती आधी "माझी" म्हणाली आणि थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाली, "नाही सर, आजीची. मी नुसती बघत होते की."

शनिवारच्या सकाळच्या शाळेत गोष्टीचा एक तास वेळापत्रकात कायम ठेवावा आणि त्या तासाला मुलांकडून पात्राच्या नावाबरोबर कारणही वदवून घ्यावे, अशी शाळेच्या व्यवस्थापनाला आणि आजच्या शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे.