फॉर्म ए, फॉर्म बी आणि माझे 52,800 रुपये

"बाई, तुम्हाला किमान वेतन मिळतंय ना? मग तक्रार कसली?"

कामगार कार्यालयातल्या त्या टेबलाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. टेबलच म्हणते, कारण पलीकडच्या माणसाने मान वर केलीच नव्हती. या प्रश्नाचं उत्तर आज मला झोपेतही देता येईल. किमान वेतन म्हणजे ज्याच्या खाली कुणालाच देता येत नाही तो आकडा. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच पगार, हा कायदा निराळा, तेव्हा तो 1976 चा होता. पण तेव्हा मलाच धड माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी नुसतीच परत आले. अर्ध्या दिवसाचा पगार गेला तो वेगळाच.

मी मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. पाउच भरून आला की वजन, सील, बॅच नंबर, तारीख बघायची, खोक्यात रचायचं आणि टेप मारायची. 2014 पासून हेच करते. जुलै 2016 मध्ये लाईनवर एक पोरगा आला, त्याला काम मीच शिकवलं. 2018 मध्ये गणपतीच्या तोंडावर पगाराच्या दिवशी नेमका कम्प्युटर बंद पडला, स्लिपा निघेनात, म्हणून सगळ्यांच्या सह्या पगारपत्रकावरच घेतल्या. माझ्या वरच्या ओळीत त्याचं नाव होतं. आकडा माझ्यापेक्षा 1,650 रुपयांनी मोठा. त्याचा हुद्दा 'सहायक', माझा 'पॅकर'. मग हळूहळू विचारत गेले तर लाईनवरचे सगळे पुरुष सहायक आणि सगळ्या बायका पॅकर.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेले. या वेळी टेबलाने "फॉर्म ए भरा" एवढंच सांगितलं. तीन प्रती लागतात हे सांगितलं ते बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने. खरं तर त्या कार्यालयात मला मिळालेली निम्मी माहिती त्याच्याकडूनच मिळाली.

सुनावणी सुरू झाली आणि कंपनीचं म्हणणं आलं: पुरुष गाडी भरतात, गोण्या उचलतात, म्हणून त्यांना जास्त. ऐकून मला हसूच आलं. आमच्याकडे गाडी भरायला माथाडींची टोळी येते. आमचा एकही सहायक गोणीला हात लावत नाही, आणि लावला तर माथाडी गप्प बसणार नाहीत. मी सुनावणी घेणाऱ्या साहेबांना म्हटलं, माथाडींच्या बिलांची फाइल मागवा. कागद मागवायचा आणि साक्षीला बोलवायचा दिवाणी कोर्टासारखा अधिकार त्यांना या कायद्याने दिलेला होता. फाइल आली आणि गोण्यांचा विषय संपला. पुरुषाच्या पगाराचा पुरावा कुठून आणू म्हणून मी उगाच महिनाभर काळजीत होते. कामगारांची नोंदवही ठेवणं मालकावर बंधनकारकच आहे. ती आपण आणायची नसते, मागवून घ्यायची असते.

फेब्रुवारी 2019 मध्ये निकाल लागला. काम समान स्वरूपाचं आहे, बायकांना त्याच दराने पगार देण्याची व्यवस्था कंपनीने करावी. मार्चपासून पगार वाढला. लाईनवर पेढे वाटले.

मग मी विचारलं, "साहेब, मागचे पैसे?"

"त्याचा अर्ज कुठे आहे?"

मला वाटलं, माझी फाइल हरवली. तसं नव्हतं. फॉर्म ए ही नुसती तक्रार. तिच्यावर एवढाच आदेश होऊ शकत होता की कायदा मोडू नका, यापुढे नीट वागा. कमी दिलेले पैसे हवे असतील तर तो दावा, आणि दाव्याला फॉर्म बी. त्याच्याही तीन प्रती. म्हणजे ऑक्टोबरपासून मी त्या लाकडी बाकावर बसून बसून जे भांडले, त्यात माझ्या थकलेल्या एका रुपयाचाही विषय निघालेला नव्हता! तक्रारीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की जुलै 2016 पासून मला दरमहा 1,650 कमी मिळतात. ते टेबलाने वाचलं, शिक्का मारला, तारखा दिल्या. पाच महिन्यांत एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की ताई, पैसे हवे असतील तर सोबत बी पण भरा.

जाब विचारायला टेबलाकडे गेले. उत्तर मिळालं, "तुम्ही विचारलं नाहीत." आता ज्या फॉर्मचं नावच माहीत नाही त्याबद्दल विचारायचं कसं? भिंतीवर माहिती अधिकाराचा बोर्ड आहे, तंबाखू थुंकू नये हा बोर्ड आहे, पण कोणत्या कामाला कोणता फॉर्म, याचा बोर्ड नाही. त्या दिवशी घरी येऊन रडले. आमचे हे म्हणाले, "पगार वाढला ना, सोड आता." सोडलं असतं तर बरं, असं पुढचे दोन महिने रोज वाटलं.

झेरॉक्सवालाच म्हणाला, कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जा. तिथे बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता फुकट वकील मिळतो, कायद्यातच तसं आहे. हे आधी ठाऊक असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. मिळालेल्या वकील मॅडमनी अर्ध्या तासात फॉर्म बी भरला. जुलै 2016 ते फेब्रुवारी 2019 म्हणजे 32 महिने, गुणिले 1,650, एकूण 52,800. त्यांनीच सांगितलं की मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या ऑड्री डिकॉस्टा नावाच्या स्टेनोग्राफर याच कायद्याखाली लढल्या होत्या आणि 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. युनियनशी करार झालाय, कंपनीला परवडत नाही, ही उत्तरं तिथे टिकली नाहीत. आमची कंपनीही 'परवडत नाही' म्हणालीच. मॅडमनी तो निकाल पुढे ठेवला.

एक सांगायचं राहिलं. मधल्या काळात लाईनवर अफवा उठली की सारखं करायचं म्हणून पुरुषांचेच पैसे कापणार. ज्याला काम शिकवलं त्या पोराने माझ्याशी बोलणं टाकलं. कायद्यात स्वच्छ लिहिलंय की समान करण्यासाठी कुणाचाही पगार कमी करता येत नाही. तुम्ही तक्रार करणार असाल तर हे कलम आधी पुरुष सहकाऱ्यांना दाखवा, मग बायकांना. माझ्याकडून उलटं झालं.

ऑगस्टमध्ये दाव्याचा आदेश झाला. कंपनीने अपील न करता दोन हप्त्यांत पैसे दिले. दुसऱ्या हप्त्यातून मिक्सर घेतला, बाकीचे मुलीच्या फीला.

परवा शेजारच्या युनिटमधली एकजण माझे कागद मागायला घरी आली. माझ्या फॉर्मची झेरॉक्स तिच्या काही उपयोगाची नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुना कायदा जाऊन वेतन संहिता लागू झाली आहे. समान कामाला समान पगार हे तिच्यातही आहे, आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ती म्हणाली, "ताई, मग मी जाऊन विचारते कुठला फॉर्म ते." मी म्हटलं, विचारू नकोस. आधी वही काढ आणि किती महिने, किती रुपये, ते मांड. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही बेरीज करत बसलो होतो.