तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात मिळते, मग रस्त्यावर बंदी का?

उभं राहून चालवायची माझी छोटी ई-स्कूटर पाहिली की कुणी ना कुणी विचारतंच, "ही दुकानात राजरोस मिळते, मग रस्त्यावर चालवायला बंदी कशी काय?" आजवर मी घाईत काहीतरी बोलून निघून जायचे. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

विक्रीचा कायदा वेगळा आणि रस्त्याचा वेगळा. तीच वस्तू रस्त्यावर आली की ती 'वाहन' ठरते का, हे बघितलं जातं. ठरली, की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागू. ब्रिटनमध्ये लोक इथेच अडकले आहेत. तिथे स्वतःच्या मालकीची ई-स्कूटर मोटर वाहनात मोडते, पण मोटर वाहनाच्या अटी तिला पुऱ्या करताच येत नाहीत. त्यामुळे जागामालकाची परवानगी घेऊन खासगी आवारात फिरवा, रस्त्यावर नाही. फूटपाथवर चालवणं तर १८३५ सालच्या हायवे कायद्यानेच गुन्हा आहे, म्हणजे घोडागाड्यांच्या काळापासून. २०२० पासून काही शहरांत चाचणी म्हणून भाड्याच्या स्कूटरना मात्र परवानगी मिळाली. त्याच रस्त्यावर भाड्याची चालते आणि घरची पकडली जाते, हे मला आजही पटत नाही.

पॅरिसचं उलटं. एप्रिल २०२३ मध्ये तिथे मतदान झालं, जवळजवळ ८९ टक्के मतं विरोधात पडली आणि भाड्याच्या स्कूटर गेल्या. "पॅरिसने बंदी घातली" असं लोक मला सांगतात तेव्हा स्वतःच्या मालकीच्या स्कूटर तिथे चालतात, हे त्यांना माहीत नसतं.

भारतात मोटरची '३० मिनिटांची शक्ती', म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकेल एवढी शक्ती, पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असल्याचं अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलं, तर ते बॅटरीवरचं वाहन मोटर वाहन धरलं जात नाही. हे प्रमाणपत्र महत्त्वाचं. दुकानदाराने "लायसन्स लागत नाही" म्हटल्यावर कागद मागा. आणि वेगमर्यादेचं बंधन काढून घेतलंत, तर ती सवलत उरत नाही. उद्या कुणाला धडक बसली तर पाठीशी विमा नाही, हेही लक्षात असू द्या.

आता फूटपाथबद्दल, कारण खरा राग तिथलाच आहे. ताशी २५ म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. चालणारा माणूस तेवढ्या वेळात दीड मीटरही जात नाही. त्यात मोटरचा आवाज जवळपास नाहीच.

मीसुद्धा सुरुवातीला फूटपाथवरूनच जायचे. एकदा पुढे पांढरी काठी घेतलेले एक काका होते. मी अगदी हळू, घंटी वाजवून त्यांच्या डावीकडून निघाले, आणि तेही डावीकडेच सरकले. काठीचं टोक माझ्या पुढच्या चाकावर टक्‌कन आपटलं. ते जागीच थांबले, काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि कुणीकडे तोंड करावं ते न कळून म्हणाले, "कोण आहे?" लागलं कुणालाच नव्हतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "घंटी ऐकली हो, पण तुम्ही कुठल्या बाजूने येताय ते कसं कळणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. फूटपाथवर चालणाऱ्याला मागच्या आवाजाकडे कान लावून चालावं लागू नये, एवढा त्याचा हक्क आहे. म्हणून फूटपाथबंदीच्या बाजूने मी ठामपणे उभी आहे, स्वतः स्कूटर चालवत असूनही.

पण मग आम्ही जायचं कुठे? आठ-दहा इंची चाक साध्या खड्ड्यात अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. अशा चाकांवर ट्रकशेजारून जायला सांगणं हा उपाय नाही. सिंगापूरने नोव्हेंबर २०१९ मध्ये फूटपाथ बंद केले आणि सायकलमार्ग खुले ठेवले. निर्णय बरोबर होता. तरी ज्यांचं घरपोच जेवण पोचवण्याचं काम याच गाडीवर चालायचं, त्यांना फार जड गेला, कारण सायकलमार्गाचं जाळं फूटपाथइतकं सगळीकडे पोचलेलं नव्हतं. जर्मनीने २०१९ च्या जूनमध्ये केलेले नियम मला जास्त आवडतात: वेग ताशी २० पर्यंत, वय किमान १४, मागे विम्याची छोटी पाटी, सायकलमार्ग असेल तर तिथूनच, नसेल तर रस्ता, आणि फूटपाथ नाही. लायसन्सही लागत नाही. चालवणाऱ्याला आपली जागा कळते आणि धडक बसलेल्याला भरपाई कुणाकडे मागायची ते कळतं. नियम करणाऱ्यांकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. "इथे नाही" म्हणताना "मग कुठे" तेही त्याच कागदावर लिहा.

सध्या माझ्या रोजच्या वाटेवर सायकलमार्ग मध्येच संपतो. तिथे मी उतरते, मोटर बंद करते आणि पुढचं अंतर फूटपाथवरून स्कूटर हाताने ढकलत जाते.