तापमान थांबतं, उष्णता जाते कुठे?

वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहा, तापमापी 0 अंशावरच अडून बसते. तापमान म्हणजे रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा आणि ती इथे वाढतच नाही. दर ग्रॅममागे 334 जूल रेणूंमधली पकड सैल करण्यात खर्च होतात, म्हणजेच स्थितिज ऊर्जा वाढते. रेणू एकमेकांपासून अनंत दूर असताना ती शून्य धरतात. म्हणून स्थायूत ती सर्वाधिक ऋण, द्रवात थोडी कमी ऋण, वायूत जवळपास शून्य.

खरी उडी उकळताना. 100 अंशांना ग्रॅमला 2257 जूल लागतात. त्यातले सुमारे 170 जूल हवेला मागे रेटण्यात जातात (हे बहुतेक जण विसरतात), उरलेले स्थितिज ऊर्जेत.

पडताळायचंय? 40 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात 0 अंशाचा 20 ग्रॅम बर्फ टाकून ढवळा. भांड्याने घेतलेली-दिलेली उष्णता हिशोबात धरली नाही तर मिश्रण 20 अंशांवर यायला हवं. बर्फ टिपकागदाने कोरडा केला नाही आणि त्यात 2 ग्रॅम पाणीच असलं, तर तापमान 21.3 च्या आसपास थांबतं आणि त्यावरून काढलेली वितळण्याची उष्णता ग्रॅमला 334 ऐवजी 300 जूलच्या घरात येते. ते पाणी आधीच वितळलेलं, त्यामुळे आणखी उष्णता शोषायला तिथे बर्फच नसतो.